पाचवी चूल

धामणखेडचे नत्थुजी धाबं घालणारे. आडव्या सागवानी सऱ्या, त्यांवर काटक्यांचा थर, पळसाचा पाला, मग चिखल आणि सगळ्यांत वर खारी माती. असं मातीचं सपाट छत त्यांच्या हातचं असलं की भर श्रावणात खाली निवांत झोपावं. माणूस बोलायला कमी, चालायला सावकाश. पण एकदा ‘नाही’ म्हणाले की अख्खं गाव लोटांगणं घालत आलं तरी त्याचं ‘हो’ होत नसे.

१९५९च्या पावसाळ्यात वर्धेचं पाणी गावात शिरलं. खालचा मोहल्ला गेला. वरच्या रांगेतल्या सात घरांच्या ओट्यांनाही पाणी शिवलं नाही, पण भीती सगळ्यांच्याच मनात शिरली. कौंडण्यपूरच्या सडकेला लागून चुलीमागं एक असे प्लॉट मिळाले आणि वर्षभरात सगळं गाव तिकडे गेलं. नत्थुजी तेवढे राहिले.

“आपल्या घराले काय झालं?” ते बायकोला म्हणाले. “मंग जावाचं काहून?”

सुभद्राबाईंना सडकेला जायची फार हौस होती. तिथं मोटार थांबत होती, बायका दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होत्या. त्या तीन वर्षं रोज कुरकुरल्या, आणि कुरकुरतच नवऱ्याच्या बरोबरीनं मातीच्या पाट्याही उचलत राहिल्या.

पाट्या उचलाव्याच लागत. सातही घरांच्या भिंती सामाईक होत्या. दोन घरांत एक भिंत, आणि दोन्हीकडच्या सऱ्या तिच्यावरच टेकलेल्या. शेजारचं धाबं गळलं की भिंत भिजणार, भिंत भिजली की आपलं छत बसणार. म्हणून नत्थुजी दर वैशाखात आपल्या एका धाब्यावर नव्हे, सातही धाब्यांवर नवी खारी माती घालत. ज्यांची घरं होती ते सडकेवर बसून हसत.

शेजारच्या चतुराबाई एकदा मागे राहिलेला पाटा न्यायला आल्या आणि नत्थुजींना आपल्याच छतावर बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“काय हो नत्थुजी, भुताले घर बांधून देऊन राहिले का?”

“भूत बरं,” नत्थुजी वरूनच म्हणाले. “ते घर सोडून पळत त नाही.”

खरा त्रास निराळाच होता. जुन्या गावठाणाच्या मातीत पिढ्यानपिढ्यांची राख आणि शेण मुरलेलं. ती पांढरी माती शेतात टाकली की कपाशी कमरेला लागते, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. आपापल्या घरांच्या भिंती खणून लोक गाड्या भरू लागले. एक दिवस दुसऱ्या बाजूचा शेजारी चंद्रभान बैलगाडी आणि कुदळ घेऊन वरच्या रांगेत आला.

“माही भिंत हाय, मी नेतो.”

नत्थुजी भिंतीला पाठ लावून बसले. “अर्धी तुही हाय. तुही अर्धी खुशाल ने. माह्या अर्धीचं ढेकूळ हाललं त मंग पाय.”

चंद्रभान कुदळ खांद्यावर घेऊन बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. अर्धी भिंत कशी खणायची ते काही त्याला सुचेना. गाडी रिकामीच परत गेली.

शेवटी १९६२च्या अक्षय तृतीयेला पंचायतीनं ठरावच केला. पोळ्यापर्यंत जुन्या गावात पाच चुली पेटलेल्या दिसल्या तर गाव राहील, नाहीतर उजाड समजून सगळी पांढरी खणायची. सरपंच भगवंतराव स्वतः सांगायला आले. माणूस वाईट नव्हता, पण ऐंशी एकर कपाशीचा धनी होता.

“नत्थुजी, हट्ट सोडा. गावात दोन मानसं, तेही म्हातारे.”

“पोळ्याले या,” नत्थुजी म्हणाले. “चुली मोजा.”

पाऊस पडला आणि सडकेवरचं गाव कुरकुरू लागलं. काळीत पेरावं आणि पांढरीत राहावं, ही बापजाद्यांची रीत मोटारीच्या नादात सगळेच विसरले होते. सडकेकडची जमीन काळी, आणि काळी जमीन पावसानं फुगते. नव्या घरांच्या विटांच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. भगवंतरावांचं शिसवी दार लागेना, तेव्हा ते रोज सुतळीनं बांधू लागले. चतुराबाईंची मागची भिंत तर आषाढातच बसली.

चतुराबाई भर पावसात जुन्या घरी आल्या. “पाहाले आली मी. गळते का म्हनून,” एवढंच बोलल्या. आत गेल्या, भिंतीवरून हात फिरवला, कोरडा हात पदराला उगाच पुसला. दुसऱ्या दिवशी खाट आणि भांडी आली. मागोमाग चंद्रभान त्याच गाडीतून बिऱ्हाड घेऊन आला, नत्थुजींची नजर चुकवत. मग रांगेतलाच सूर्यभान आणि त्याची सून. नत्थुजींची धरून चार चुली झाल्या. पाचवं कुटुंब पोळ्याला येतो म्हणालं होतं. आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला: सरपंचाशी सोयरीक आहे, जमत नाही.

पोळ्याच्या दुपारी भगवंतराव पटवाऱ्याला आणि पंचांना घेऊन आले. दारोदार फिरले. पटवाऱ्यानं वहीत लिहिलं.

“चार,” भगवंतराव म्हणाले. “नत्थुजी, बोलनं झाल्तं आपलं.”

चंद्रभान खाली बघू लागला. तेवढ्यात रांगेच्या टोकाच्या रिकाम्या घरातून धूर निघाला.

“तिथं कोन राह्यते?” भगवंतरावांनी विचारलं.

हातात फुंकणी घेऊन सुभद्राबाई दारात आल्या. “मी.”

“वयनी, तुमचं घर त तिकडं हाय.”

“होतं. आज सकाळीच येगळी निंगाली मी.”

“नवऱ्यापासून? काहून?”

“तीन वर्सं झाले, सडकेले जाऊ म्हनून सांगून राहिली. आयकतच नाही हा मानूस. आमचं पटत नाही.”

पंच हसू लागले. भगवंतराव मात्र हसले नाहीत. “अशी बाईची येगळी चूल असते का कुठं?”

“तुमच्या तीन पोरायच्या तीन चुली लिहून तीन प्लॉट घेतले, तवा कोनी विचारलं? सारं घर एका तव्यावरची भाकर खाते तुमचं. मी काल पाहून आली.”

हसणं थांबलं. ती नोंद पटवाऱ्याच्याच हातची होती. तो वहीच्या शिलाईकडे बघत बसला.

भगवंतराव वळले. नत्थुजी खोटं बोलत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. “नत्थुजी, तुमी सांगा. खरं हाय का हे?”

नत्थुजींनी बायकोकडे पाहिलं. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते, पण पापणी लवत नव्हती.

“खरं हाय,” ते सावकाश म्हणाले. “तिचं न माहं पटत नाही. लग्नापासून.”

चतुराबाईंना तोंडात पदर कोंबावा लागला. पटवाऱ्यानं चाराचे पाच केले आणि भगवंतराव बैलांच्या मिरवणुकीकडे निघून गेले.

त्या दिवशी नत्थुजी थाळी घेऊन टोकाच्या घराशी गेले, तर सुभद्राबाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेर बसवून पुरणपोळी वाढली. वेगळं म्हणजे वेगळं. पुढं दिवाळीत आणखी एक बिऱ्हाड आलं आणि चतुराबाई म्हणाल्या, “आता ये की वो माय आपल्या घरी. पाच झाल्या.”

“राहू दे,” सुभद्राबाई चुलीत काडी सारत म्हणाल्या. “एखादी जास्तीची असावी. भगवंतरावचा भरोसा नाही.”