तीन वाजेपर्यंत थांबा, बाई

मित्रहो, घरी येऊन दोन तास झाले, अजून एकच नंबर लावून राह्यलो.

मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. जातपडताळणीसाठी आजोबाचा जुना दाखला मागायला लोक दिवसभर येतात, मग पगारबिलं मागं पडतात. म्हणून सोमवारी मी पाटी लावली, 'जुने दाखले दुपारी तीननंतरच.' तेव्हापासून कामं फटाफट होऊन राह्यली होती. मी खुश!

आज अकरा वाजता एटापल्लीच्या पलीकडून एक बाई आल्या. पोरीच्या पडताळणीचा अर्ज भरायचा उद्या शेवटचा दिवस. त्यांनी दाखल्यासाठीचा अर्ज टेबलावर ठेवला. मी मान वर न करता पाटीकडं बोट केलं. "तीन वाजेपर्यंत थांबा, बाई."

"बरं भाऊ," म्हणाल्या अन् बाकावर बसल्या.

तीनला पाहतो तर बाक रिकामा. शिपाई म्हणाला, "त्यायची बस अडीचची होती, साहेब. दुसरी नाईच."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"मी म्हटलं त्यायले. तर म्हणे, साहेबानं पाटी लावली हाय ना."

मग पन्नासच्या दशकातलं रजिस्टर काढलं. पोरीच्या आजोबाचं नाव पाच मिनिटांत सापडलं. नक्कल तयार आहे, पण अर्जावरचा फोन लागतच नाई.

उद्या पहाटे तिकडं कोणी जाऊन राह्यलं काय? गावाचं नाव इनबॉक्समध्ये देतो.

आजोबाच्या नावापुढं तेव्हाच्या मास्तरांचा शेरा आहे, 'रोज उशिरा येतो. गाव लांब आहे. वर्गात घ्यावे.'