न धुतलेली पावडर

नव्वदच्या दशकात एमएस्सी करून मी राहुरीजवळ जनावरांच्या औषधांच्या एका लहानशा कारखान्यात लागलो. ‘नॅनो’ हा शब्द आमच्या कानावरही आला नव्हता; मालक ‘अतिबारीक’ म्हणायचे. जस्ताच्या ऑक्साइडची अशी अतिबारीक पावडर मी करायचो, पण पाण्यात गेली की ती गुठळ्या धरायची. म्हणून तिच्या कणांवर एका जंतुनाशक साबणाचा पातळ लेप द्यायचा आणि जास्तीचा साबण तीनदा धुऊन काढायचा. पद्धत माझी, तेव्हा ती मोडायचा हक्कही माझाच, असा माझा तोरा होता.

एके दिवशी पहिल्या धुण्यालाच वीज गेली. पावडर तळाशी बसवणारं यंत्र बंद पडलं. पावडर जंतू मारते का, याचा निकाल मालकांना दुसऱ्या दिवशी हवा होता. काय बिघडतंय, म्हणत मी ती तशीच जंतू वाढवायच्या काचेच्या थाळीत टाकली. सकाळी थाळीत जंतूंच्या पांढुरक्या थरात पावडरीभोवती रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ! मालकांनी पेढे मागवले.

काचसामान धुणाऱ्या मावशी कोल्हारहून एसटीने यायच्या. पेढा हातात धरूनच त्यांनी विचारलं, “सायेब, माज्या गाईला दगडी झालीया. ह्ये लावलं तर चालंल का?” दगडी म्हणजे कासेची सूज, कास दगडासारखी घट्ट होते. डॉक्टरांनी सडात, म्हणजे आचळात, सोडायच्या ट्यूबा दिल्या होत्या. मी व्हॅसलिनमध्ये पावडर कालवून डबी दिली आणि वर अक्कल शिकवली, “त्या ट्यूबा राहू द्या. चार दिवस हेच चोळा.”

पुढच्या आठवड्यात कळलं, गाईचं एक सड कायमचं गेलं.

“औषीद चांगलंच हुतं,” मावशी म्हणाल्या. “माजंच चुकलं. शेनाचं हात नीट धुतलं न्हाईत मी.”

पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते तेव्हा केलं: थाळीत नुसता साबण टाकून पाहिला. तेवढंच वर्तुळ. नीट धुतलेल्या पावडरीभोवती जवळजवळ काहीच नाही. शिवाय रोग कासेच्या आत, आणि मलम वरून. एवढी साधी गोष्ट माझ्या शिकलेल्या डोक्यात आली नव्हती.

मालकांना मी ‘पुन्हा तपासावं लागेल’ एवढंच सांगितलं. मावशींना तेही नाही. रोज ठरवायचो, आज सांगायचंच. पण घरी धार काढण्याआधी आता आपण हात कसे कोपरापर्यंत घासतो, हे त्या कौतुकाने सांगायच्या आणि मी मान डोलवायचो. त्या मला फार मानायच्या. ते मला आवडायचं, हे लिहितानाही लाज वाटते.

वर्षभराने गाय पुन्हा व्याली आणि दुसऱ्या सडाला सूज आली. “तीच डबी द्या, सायेब. या टायमाला हात गरम पान्यानं धुती.”

तेव्हा तरी तोंड उघडायचं! मी म्हणालो, “ती पावडर संपली, मावशी. डॉक्टरांच्या ट्यूबाच वापरा. एकही चुकवू नका.” त्या पावडरीची बरणी माझ्या पाठीमागच्या फळीवर होती, गळ्यापर्यंत भरलेली. ती फळी मावशीच रोज पुसायच्या.

त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आसू द्या,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुनाला द्यायची आसंल. पुन्यांदा केली की माज्यासाटी वाईच राखून ठेवा.”

“ठेवतो,” मी म्हणालो.