चहा न घेणारी आर्णीवाली

“हा चहा उचला साहेब. आमचं अजून ठरलं नाई,” आर्णीवाली म्हणाली आणि कप टेबलावर पुढे सरकवला. माझी शालू रडायला लागली. इंजिनियरिंगची शेवटची जागा उरली आहे, असं कॉलेजच्या साहेबांनी नुकतंच सांगितलं होतं. बारावीला बेताचे मार्क पडलेल्या पोरीला ती मिळत होती, म्हणून आमचे मालक, म्हणजे शालूचे वडील, रस्त्याकडचं वावर विकायला तयार झाले होते. ते भडकले.

“वहिनी, तुमाले काय समजते कॉलेजातलं?”

“काईच नाई. म्हणून तं पाहून राह्यली.”

तिने शालूची मार्कशीट टेबलावरून उचलली आणि बाहेर पडली. आम्हाला मागे जावंच लागलं.

आर्णीवाली म्हणजे माझी मोठी जाऊ. आमच्याकडे बाईला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. मुलाच्या घरचा चहा घेतला की सोयरीक ठरली, असं आमच्या गावात धरतात. म्हणून कुणाची पोरगी द्यायची असली की पुरुषांबरोबर हिला पाठवायचे. ती चहाला हात लावायची नाही. मागच्या अंगणात जायची, गुरांची हाडं दिसतात का ते पाहायची, शेजारणीशी बोलायची. का, असं विचारलं की सांगायची, “माह्या बापानं इथला चहा आधी पेला अन् घर मंग पाह्यलं.” हे सासूसमोरसुद्धा सांगायची. सासू तोंड फिरवायची.

ती गोड बाई नव्हती. चोरून सुपारी-तंबाखूचा खर्रा खायची आणि विचारलं तर नाही म्हणायची. माझ्या भाकरी जाड होतात, हे तिने माझ्या आईला माझ्या तोंडावर सांगितलं होतं. भाकरी जाडच व्हायच्या.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवला होता. आम्ही ओसरीत निजायचो आणि अंग खाजवायचो. कॉलेजातून परत आल्यावर शालू त्या कापसावर जाऊन पडली आणि जेवायला उठेना. आर्णीवाली ताट घेऊन वर चढली. मी दारात उभी होते.

“मोठीमाय, तू माहं वाटोळं केलं.”

“केलं असन. आधी जेव, मंग शिव्या दे. अन् मले सांग, कोणी न सांगता तू काय करते?”

“काईच नाई.”

“खोटी! इहिरीवरची मोटर बंद पडली का स्टार्टर कोण उघडते? तुहा बाप तं दुरूनच पाह्यते.”

शालू हसली नाही, पण ताट जवळ ओढलं.

मग आम्ही तिघी यवतमाळला आयटीआय पाहायला गेलो. “ते काय कॉलेज हाय?” म्हणून मालक आले नाहीत. तिथे आम्हाला कुणी बसासुद्धा म्हटलं नाही. पोरं उघड्या मोटारींभोवती बसली होती. शिकवणारे गुरुजी मान वर न करता ओरडले, “ओ बाई, सरका मागं, करंट हाय!”

आर्णीवाली सरकली आणि खूश झाली. “आपल्याले कोणी इचारत नाई. कामात हायत. हे घर बरं दिसते.”

शालू तोवर एका पोराच्या खांद्यावरून वाकून, “हे काहून जळालं?” म्हणून त्याला विचारत होती. तिचं नाव तिथेच घातलं.

मालक वर्षभर वहिनीशी बोलले नाहीत. ते इंजिनियरिंगचं कॉलेज वाईट होतं, असं मी म्हणणार नाही. तिथे शिकलेला गावातला एक पोरगा पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, दुसरा घरी बसला आहे. शालूलाही काही मोठा पगार नाही. ती यवतमाळजवळ लोहारा गावातल्या एका कारखान्यात मोटारी दुरुस्त करते आणि साहेबाचं चुकलं तर त्याला तोंडावर सांगते. ही सवय तिने माझ्याकडून घेतलेली नाही.

पुढे आम्ही कापूस सोडून तूर पेरायला लागलो तेव्हा आर्णीवाली गेली, म्हातारपणाने, आपल्या खाटेवर. शेवटी मालकच तिच्या उशाशी बसायचे. ती त्यांना बिडी सोडा म्हणायची, ते तिला खर्रा.

कापसाच्या त्या वर्षांत गावातल्या बऱ्याच घरांत कर्जापायी कुणीतरी जीव दिला. आमच्या घरातून मालक, मी, शालू आणि आर्णीवाली, चौघंही त्यातून जगून निघालो.