दादाचं न झालेलं ऑपरेशन

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापुढं हात जोडून मनातल्या मनातही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. वाचून मला धीर द्यावासा वाटला तर देऊ नका — तो मला नको आहे.

माझा थोरला भाऊ, दादा. समोर मी त्याला अहो-जाहो करत असे. मनात कधीच नाही. इथं मनातलंच लिहायचं आहे, म्हणून एकेरी.

मला दादा सहन होत नसे. कारण सांगू? हसाल तुम्ही. लहानपणी टाचेतलं कुरूप कापताना मी ओरडलो होतो — आळीभर ऐकू जाईल असा. दादानं तो आवाज जपून ठेवला. डोंबिवलीच्या आमच्या घरी चार पाहुणे जमले की तो माझी नक्कल करायचा. "आई गं, मेलो गं, पाय गेला गं!" पाहुणे हसायचे. पुढं माझी बायको हसली. मग माझी मुलं. मीही हसायचो. कल्याणजवळ मोहने गावच्या कारखान्यात वजनकाटे तपासणारा, गुंजेचा फरक न सोडणारा मी — आणि स्वतःच्या मुलांपुढं ही शोभा! एवढंच कारण. याहून मोठं शोधून पाहिलं, सापडत नाही.

रेशनिंग चालू होतं त्या काळात दादाला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला, उजव्या जांघेत. कल्याणच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. पाठीच्या कण्यात सुई टोचून कमरेखालचं अंग बधिर केलं होतं. दादा शुद्धीत होता. बाहेर आणला तेव्हा वॉर्डबॉयची थट्टा करत होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, दुपारी बधिरपणा उतरेल. दुखायला लागलं की लगेच नर्सला सांगा, इंजेक्शन लिहून ठेवलंय. कळ वाढू देऊ नका, मग ती औषधालाही दाद देत नाही.

हे मला का सांगितलं? कारण दादा बोलणार नव्हता. जांघेतलं दुखणं परक्या बाईला कसं सांगायचं? आमच्या घरातले पुरुष मरतील, पण सांगणार नाहीत. अशी दुखणी घरच्या दुसऱ्या पुरुषाच्या तोंडूनच बाहेर जायची. म्हणजे माझ्या.

दुपारी त्याच्या पायाची बोटं हलली. मग चेहरा बदलला. थोड्या वेळानं त्यानं माझं मनगट धरलं. "वसंता, अरे, तिथं जरा जड झालंय. त्या बाईंना काहीतरी सांग ना."

दुखतंय म्हणाला नाही. जड.

मी उठलो. नर्स व्हरांड्यात टेबलाशी बसली होती. मी तिच्यापाशी गेलो आणि — प्यायला पाणी मागितलं.

परत येऊन दादाला म्हणालो, पाठीतल्या सुईवर दुसरं औषध चालत नाही, हृदयाला धोका असतो. उद्यापर्यंत सोसावं लागेल. हे वाक्य मी आधी जुळवलेलं नव्हतं. ते आपोआप तयार होऊन आलं, कारणासकट. दादानं शंका घेतली नाही. का घेईल? "वसंता उगाच काही बोलायचा नाही, तो थुंकीसुद्धा तोलून गिळतो," असं तोच जगाला सांगत असे.

मग नर्स खाटेशी आली. "काय काका, दुखतंय का?" दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "चालायचंच," म्हणाला. ती पुढच्या खाटेकडे गेली. मी स्टुलावर बसून होतो. तेव्हाही बोलता आलं असतं.

मी कशाची वाट बघत होतो? त्यानं ओरडावं याची. एकदाच, मला ऐकू येईल इतकं. तो ओरडला नाही. पंच्याचा बोळा दातांत धरून पडला. खोकला आला की दोन्ही हातांनी टाके दाबायचा. डोळ्यांतलं पाणी कानांत उतरायचं. मला दया आली का? नाही. चीड आली — इथंही हा माझ्या वरचढ ठरतोय याची. दिवेलागणीला मी घरी आलो. आमटी-भात जेवलो. झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याचं तोंड बघितलं आणि स्वतःच इंजेक्शन द्यायला लावलं. मी 'उद्या' म्हटलं होतं. उद्या उजाडला होता. माझं खोटं कुणाला दिसलंसुद्धा नाही.

एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

दादा पुढं ठाण्याला राहायला गेला. काही वर्षांनी डाव्या बाजूला तशीच गाठ आली. डॉक्टर म्हणाले, थांबू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. दादा म्हणाला, पुन्हा नाही. वहिनी आमच्याकडे आल्या. "भावजी, माझं ऐकत नाहीत हो. तुमचा शब्द ते मानतात. एकदा समजावा."

मी गेलो. दादा कमरेला पट्टा बांधून आरामखुर्चीत बसला होता. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. त्यानं आवाज खाली आणला. "तू होतास ना रे तिथं. मला सुईची भीती नाही, कापण्याचीही नाही. पण ते नंतरचं, पहिल्या रात्रीचं — खरं सांग, त्यावर औषध नसतंच ना?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मला काही विचारलं होतं. खरं उत्तर एका शब्दाचं होतं.

"नसतं," मी म्हणालो.

भीतीनं म्हणालो? असतं म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग तेव्हा का नाही दिलं? हो, भीती होती. पण नुसती भीतीच होती असं लिहिलं तर ते कमी भरेल. त्याच्या चेहऱ्यावर घाबरलेल्या माणसाचा रंग होता, आणि तो बघायला मला बरं वाटलं. चहा आला. आम्ही प्यायलो. ऑपरेशनचा विषय परत निघाला नाही.

पुढच्या थंडीत आतडं अडकलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते आत सडलं होतं. शेवटी शेवटी तो ओरडत होता. मी बाहेरच्या बाकावर होतो. मला सगळं ऐकू आलं.

तेराव्याला वहिनी आलेल्या-गेलेल्यांना सांगत होत्या, "भावजी मुद्दाम येऊन समजावून गेले होते हो. पण ह्यांनी कुणाचं ऐकलं?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हो ना, भावजी?"

मी हो म्हणालो.