साड्यांत गुंडाळलेलं घड्याळ

डांबरगोळ्यांचा वास आला की मी पुन्हा खारदांड्याच्या घरात कपाटासमोर उभी असते. वारं सुटलेलं, आणि बाबांची बोट अजून समुद्रावर.

मामाने आणलेलं बाबांचं जपानी घड्याळ, जुन्या नावाजलेल्या कंपनीचं. खाऱ्या पाण्याने बिघडेल म्हणून आई ते साड्यांत गुंडाळून ठेवायची. मी सहज काढलं, तर काटे थांबलेले.

"आई, बंद पडलंय गं."

आईची नजर खिडकीतून समुद्राकडे गेली. "कोणाला बोलू नको. बोट बाहेर असताना अपशकुन हा."

संध्याकाळी बाबा आले, बंद घड्याळ पाहिलं आणि हसत सुटले. "अगं, ते उन्हावर चालतं."

आता बाबा थकलेत, घरीच असतात. घड्याळ मी रोज खिडकीत ठेवते. आभाळ भरलं की आधी काटा बघते, मग आतल्या खोलीत बाबांना.