पाण्यातलं निंदण

माझी लेक समुद्रातल्या गवताचा अभ्यास करते, हे सांगायला मला फार आवडायचं. खामगावच्या बाजारात कोणी ओळखीची भेटली, की वांग्याचा भाव विचारायच्या आधी मी ते सांगून मोकळी व्हायचे. "समुद्रात कुठं गवत राह्यते वं?" असं तिनं विचारलं, की मला आणखी चेव यायचा. शेवाळ नाही बाई, खरं गवत! त्याला मुळं असतात, फुलं येतात, समुद्राच्या तळाशी त्याची कुरणंच्या कुरणं असतात आणि मासोळीची पिल्लं तिथंच लहानाची मोठी होतात. हे सगळं लेकीनं फोनवर सांगितलेलं. समुद्र मी कॅलेंडरवर पाहिलेला, पण बोलायचे मात्र ऐटीत.

लेकीला दिवस गेले तेव्हा तिचं समुद्रात उतरणं बंद झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आली, आणि अभ्यास थांबू नये म्हणून तिच्या मॅडमनी आमच्या तलावातलं काम काढून दिलं. विहारामागच्या तलावात तळाशी लांब लांब हिरव्या फितींसारखं एक गवत उगवतं. जन्म इथं गेला, पण मी कधी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. लेक म्हणाली, ही समुद्रातल्या गवताची गोड्या पाण्यातली चुलत बहीण. समुद्रात बोटी फिरतात, जाळी तळावरून खरवडत जातात, बंदरासाठी खोदतात, आणि तळचा गाळ वर येतो. तो किती आला तर गवत टिकतं आणि किती आला तर मरतं, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी तिनं तलावात दोन जागा धरल्या. एक गुरांच्या उतारावरची, कायम गढूळ. दुसरी पलीकडच्या कोपऱ्यात, जिथं कोणी जात नाही, पाणी एकदम नितळ. त्या कोपऱ्यात तिनं स्वतः रोपं लावली, भोवती बांबूच्या काड्या रोवल्या. उन्हाळ्यात तलाव आटतो. तो आटायच्या आत काम झालं नाही, तर पदवी हातची जाणार होती.

मग नात झाली. बाळंतिणीनं गार पाण्यात पाय घालायचा नाही, वाऱ्यात जायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक. लेक खाटेवर आणि तिचं गवत तलावात.

"आई, तेवढं पाहून येत जाय वं," ती म्हणाली.

"तू बेफिकीर राह्य," मी म्हटलं.

आता आमच्याकडं वावर पाहून येणं म्हणजे नुसतं पाहून येणं नसतं. वावरात जाऊन रिकाम्या हातानं परत आली ती बाई कसली? मी तलावावर गेले. पाणी असं स्वच्छ, की तळाचे खडे दिसत होते. पण लेकीच्या गवताच्या मधे मधे दुसरंच काही फांद्याफांद्यांचं तणकट माजलेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीनं एवढ्या कष्टानं लावलेलं, आणि हे मेलं त्याचं खातंय! लुगडं खोचलं, विळा घेतला आणि शिरले. गुडघ्याएवढं पाणी. तणकट उपटलं, रोपाभोवतीची जमीन भुसभुशीत केली, कपाशीच्या पऱ्हाटीला देतो तशी मुळाशी मातीची भर दिली. बाहेर आले तेव्हा पाण्याचा चहा झाला होता. मला त्याचं काही वाटलं नाही. निंदणात हात मळतात, इथं पाणी मळलं.

घरी आले तर लेकीनं विचारलं, "कसं आहे?"

"झक्कास!"

पुढच्या खेपेला पाहिलं तर पानांवर तांबूस थर. मी कपाळावर हात मारला. तांबेरा! गव्हावर येतो तसाच. तांबेरा पडलेली पानं विळ्यानं छाटली, मुळं पुन्हा मोकळी केली. त्यानंतर पानं पिवळी पडायला लागली, म्हणून आणखी भर दिली. तळातून सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला, तेव्हा वाटलं, माती घट्ट झाली, हवा पाहिजे. पुन्हा शिरले. गवत जसजसं खंगत गेलं तसतशी मी जास्त खपत गेले. आणि लेक खाटेवरून विचारायची तेव्हा मी शेगडीत निखारे सारखे करत म्हणायचे, "मस्त आहे वं. तू आराम कर." आता वाटतं, तेव्हा एकदा तरी खरं बोलले असते, तर निदान निम्मं वाचलं असतं. पण बाळंतिणीच्या जिवाला घोर नको, असं मी स्वतःला समजावत होते. खरं कारण वेगळं होतं. माझ्या हातानं लावलेलं काही मरत नाही, असं मी साऱ्या गावात सांगत फिरलेली बाई. लेकीचं गवत माझ्या हाताखाली मरतंय, हे माझ्या तोंडून निघेना.

महिना सव्वा महिना झाल्यावर लेक कानाला रुमाल बांधून तलावावर गेली. मी नातीला घेऊन मागे. कोपऱ्यातलं पाणी खाली बसलेल्या ताकासारखं, आणि बांबूच्या काड्यांमधे दोन-चार पिवळ्या दांड्या. लेक काठावर वाकली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन तिनं मॅडमना फोन लावला. नेमकी त्याच वेळी शेजारीण दूध घेऊन ओट्यावर आलेली. बाळंतिणीसाठी ती तिच्या म्हशीचं दूध रोज आणायची. लेक फोनवर म्हणाली, "मॅडम, कोपऱ्यातली जागा गेली. गावातल्या म्हशी शिरल्या." मला कसं वाटलं सांगू? जीव भांड्यात पडला. मी सुटले, असंच वाटलं. लाज त्यानंतर आली.

कारण शेजारीण दारातच थिजली होती. "माही म्हैस त तिकडं जात नाही, बाई," ती मला हळूच म्हणाली. "उतारावरूनच पाणी पाजतो मी तिले. पण सुटली असन एखाद्या वक्ताले. पोरीचं नुकसान झालं वं." दुसऱ्या दिवसापासून तिनं म्हशीला तलावावर नेणं बंद केलं. हापशीवरून बादल्या भरभरून आणायची. कंबर धरून धरून आणायची. आणि वर दुधाचा लोटा रोजच्यासारखा ओट्यावर.

अखेर एक दिवस ती लोटा ठेवून वळली, तसा मी तिचा हात धरला आणि आत ओढलं. लेक बाळाला पाजत होती. तिच्यासमोरच बोलले. "तुही म्हैस नोहती वं. मी होतो. निंदण करत होतो पाण्यात."

"पाण्यात निंदण? बह्याड झाली का वं तू?" म्हणत शेजारीण हसायला लागली. हसता हसता तिला खाली बसावं लागलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा कुठे थांबली.

लेक हसली नाही. "मले माईत होतं," ती म्हणाली. "म्हैस मुळाले मातीची भर देत नाही, आई."

"मग मॅडमले काऊन खोटं सांगतलं?"

"काय सांगू मग? माह्या आईनं..." तिनं बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं. माझ्यापेक्षा म्हैस सांगायला बरी होती.

त्याच दिवशी तिनं मॅडमना खरं काय ते कळवलं. मॅडम म्हणाल्या, पाणी आटायच्या आत दुसऱ्या नितळ जागी पुन्हा लावून पाहा, नाहीतर हे वर्ष सोडा. लेकीला अजून पाण्यात उतरायचं नव्हतं. मी लगेच म्हटलं, "मी लावतो ना. तू सांगशीन तसं."

"नाही, आई," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही, पण विचार करायलाही थांबली नाही. मग शेजारणीला म्हणाली, "काकू, तुमी लावान का?"

जिच्या म्हशीवर आम्ही आळ घेतला, ती कंबर दुखत असताना पदर खोचून आली. लेकीनं रोपांना दोऱ्यानं एक एक खडा बांधला होता. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, तिच्यावर शेजारीण पोटावर पालथी. पाय टेकवायचे नाहीत, माती उकरायची नाही. वरूनच रोप सोडायचं, खड्याच्या वजनानं ते आपोआप तळाला जातं. बाकी काही करायचं नाही. लेक काठावरून सांगत होती आणि मी नातीला घेऊन बसले होते.

काम होत आलं आणि वळताना शेजारणीचा एक पाय खाली टेकला. अंगठाच टेकला असेल. तळातून मातीचा लोट उठला. आधी घमेल्याएवढा, मग सुपाएवढा, मग पसरत पसरत नुकत्याच सोडलेल्या रोपांवर गेला आणि रोपं दिसेनाशी झाली. पाण्यात उभी असताना हे मला एकदाही दिसलं नव्हतं. मी कायम त्या लोटाच्या आत होते.

"पाय वर घे वं, पाय!" मी एवढ्यानं ओरडले, की नात दचकून रडायला लागली. शेजारणीनं पाय वर घेतला. एका अंगठ्यानं एवढं. मी दोन्ही पायांनी, विळा घेऊन, आठवडेच्या आठवडे. लेकीकडे पाहायची माझी हिंमत होईना. नातीला थोपटत मी कसंबसं विचारलं, "बसते ना पण तो गाळ?"

"बसते न, आई," लेक पाण्याकडे पाहत म्हणाली. "पानावर बसते. तुले तांबेरा वाटला, तो तोच होता."