तिच्या नावापुढची सही

हॉस्पिटलच्या वकिलाने कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. म्हणाला, "बाई, यावर तुमची सही करा." तिने पेन घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं.

नऊ वर्षं ती माझ्याबरोबर त्या खाजगी हॉस्पिटलात आया होती. बेडपॅन, लादी, बाळंतिणींचे कपडे. आम्ही बाराजणी. हॉस्पिटलवाले म्हणायचे, या आमच्या नाहीतच, लागेल तेव्हा बोलावतो. युनियनने संप केला, तो मोडला. मग दोन्ही बाजूंनी एक निवृत्त न्यायाधीश लवाद म्हणून मान्य केले. कायम व्हायचं तर रोज कामावर होतो हे दाखवायला हवं, आणि पुरावा एकच, हजेरीचं मस्टर. त्यात तिच्या नावापुढे रोज सही होती. ती मी केलेली.

तिला लिहिता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली. सकाळी माझी सही झाली की खालच्या ओळीत तिची करायची. सिस्टर समोर बसून बघायची. "आटपा गो, पेशंट थांबलेत," एवढंच म्हणायची. वकिलाला त्या सिस्टरनेच सांगितलं असणार. सुनावणीच्या दिवशी हॉस्पिटलवाल्यांच्या बाजूला बसून ती खिडकीबाहेर बघत होती.

मी उठायला लागले. युनियनच्या पुढाऱ्याने मनगट धरून खाली बसवलं. "मावशी, बोललात तर सगळं मस्टर खोटं ठरेल. बाकी अकराजणींचं जाईल."

मी बसले. त्या अकरांत मी होतेच.

तिने पेन खाली ठेवलं. "मला सही नाय येत."

"मग मस्टरवर ही कुणाची?"

"ठाऊक नाय," ती म्हणाली.

निकाल लागला. अकराजणी कायम. ती कामावर होती हे सिद्ध होत नाही, असं तिच्याबद्दल लिहिलं होतं.

लांज्याची एसटी येईपर्यंत स्टँडवर बसलो. मी म्हटलं, "तुझ्यासाठीच करत होते गो सही."

"माझ्यासाठी? पयल्या दिवशी मी आंगठा पुढे केला, तर तूच माझा हात खाली दाबलास. म्हणालीस, सिस्टर हसेल."

"हसलीच असती."

"हसली असती तर तिचे दात दिसले असते. आणखी काय?"

आंगठ्याची लाज मलाच होती. माझ्या आईने जन्मभर तोच उठवला होता.

गाडी लागली. तिने पिशवी उचलली. "आता तुझी तेवढी सही कर," म्हणाली आणि चढली.

पुढे ती लांज्याला काजूच्या कारखान्यात लागली. तिथे आंगठा घेत. काजूच्या टरफलातल्या तेलाने त्याची सालं निघाली. मी निवृत्त होईपर्यंत आया राहिले.

बारांतल्या आता तिघी जिवंत आहोत. एक अंथरुणाला खिळलेली, मी, आणि ती.